हॉलमधलं लग्न

वन्सं, तुमच्या तेराव्याला शेजारच्या शर्माभाभी आल्या, तुमच्या फोटोपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, डोळे टिपले, आणि मग भिंतीकडे वरखाली बघत माझ्या कानाशी लागल्या, "वो लाल कपड़े वाले महाराज कहाँ गए?"

मला हसू आवरेना. डोळ्यांसमोर आणा, पंगत मांडलेली, गुरुजी हात धुऊन बसलेले, आणि घरची सून तोंडात पदर कोंबून गदगदा हलतेय. लोकांना वाटलं हुंदका आहे. तुमच्या शाळेतल्या एका बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडून घे," म्हणाल्या. त्यांचा मान राखायला म्हणून मी थोडी रडले, आणि एकदा सुरू झाल्यावर मला थांबताच येईना. कॉलनीच्या गणपतीत मी इतकी वर्षं नाटकं करतेय, पण हसण्यातून रडण्यात इतकं बेमालूम जाणं मला कधी जमलं नव्हतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "शुभा, अभिनय कमी कर."

शर्माभाभींचे लाल महाराज म्हणजे तुमच्या चित्रातला तो पोट सुटलेला, लाल झग्याचा, गळ्याशी केसाळ कॉलर असलेला माणूस. हातात पेला, डोळे अर्धे मिटलेले. भाभींना तो समाधीत वाटायचा. दर गुरुवारी त्या काही ना काही निमित्ताने आपल्याकडे डोकावायच्या आणि जाताना त्याला नमस्कार करून जायच्या. मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, "वन्सं, सांगून टाका ना, तो जेवणावळीचा मुकादम आहे, दारू चाखतोय म्हणून." तुम्ही म्हणायचात, "राहू दे. त्या बिचाऱ्याला अख्ख्या जन्मात कोणी नमस्कार केला नसेल."

हे मी लिहितेय ते चार लोक वाचतील, आणि त्यांतल्या ज्यांनी आपला, इंदूरशेजारच्या राऊच्या घरातला हॉल पाहिलेला नाही त्यांना चित्र सांगायला हवं. तुम्ही ऐका आणि मध्ये बोलू नका. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

तर मंडळी, चित्र आडवं, आपल्या दिवाणाएवढं लांब. बायबलमधलं काना गावचं लग्न. ऐन जेवणात यजमानाकडची द्राक्षाची दारू संपते. येशूची आई मेरी, तीही त्या लग्नाला आलेली असते, ती हे हेरते आणि मुलाला हळूच सांगते. मुलगा दगडी रांजण पाण्याने भरायला लावतो आणि त्या पाण्याची उत्तम दारू होते. मुकादम ती चाखतो, खूश होतो, आणि नवरदेवाची पाठ थोपटतो. गोष्ट एवढीच. पण चित्र काढणारे फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूचे. त्यांनी कुठे पाहिला होता तो मुलूख? त्यांनी सरळ आपल्याच गावात लग्न लावून दिलं. खिडकीबाहेर ढगाळ आभाळ आणि पानं झडलेली झाडं, खाली काळ्यापांढऱ्या फरश्या, बायकांच्या डोक्यांवर कडक इस्त्रीच्या टोप्या, टेबलाखाली हाड चघळणारा कुत्रा, कोपऱ्यात गाल फुगवून वाजवणारा वाजंत्रीवाला. आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडतं तो येशू? तो शोधावा लागतो. लांबलचक टेबलाच्या कडेला, गप्पा मारणाऱ्या दोघांच्या मागे, लग्नाला आलेल्या लांबच्या भाच्यासारखा बसलाय.

नक्कल आहे, हे तुम्ही प्रत्येकाला विचारण्याआधीच सांगून टाकायचात. "असली नाही हं. कोणीतरी फार पूर्वी समोर बसून उतरवलेलं आहे. पण बघा, उतरवणाऱ्याने कुत्र्याच्या हाडातसुद्धा आळस केलेला नाही." गणिताच्या बाई तुम्ही. उत्तर बरोबर असून पायऱ्या गाळल्या तर मार्क कापणाऱ्या. पायऱ्या न गाळलेला माणूस तुम्हाला कुठेही, कुठल्याही देशात, कुठल्याही धर्मात आवडायचा.

चित्र तुम्हाला दिलं फिलोमिनाबाईंनी. त्या तुमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मुलाकडे ऑस्ट्रेलियाला कायमच्या जायला निघाल्या तेव्हा त्यांच्या महूच्या घरातलं सामान वाटून टाकत होत्या. आतेबहीण होती, चर्च होतं, पण चित्र त्यांनी तुम्हाला दिलं. म्हणाल्या, "बाकी सगळे याला सांभाळून ठेवतील. तू टांगशील."

आणि तुम्ही टांगलंत. पण कुठे!

आपल्या लोकांत हॉलची समोरची भिंत गेलेल्या माणसांची असते. येणाऱ्याने चप्पल काढायची, मान वर करायची, हात जोडायचे, मग बसायचं. परदेशीपुऱ्याच्या जुन्या घरात त्या भिंतीवर आप्पा होते, तुमचे वडील. मिलमधले कारकून, मी त्यांना फक्त चंदनाच्या हारातच पाहिलेलं. राऊच्या नव्या घरात आलो तेव्हाही समोरची भिंत आप्पांचीच ठरलेली होती. फोटो लागलासुद्धा. आणि दोनच महिन्यांनी तुम्ही टेंपोत पुढे बसून, मागे ते लग्न गादीत गुंडाळून घेऊन आलात, आप्पांना खाली उतरवलंत, फडक्याने पुसलंत, हार काढलात आणि जेवणाच्या टेबलाच्या वर नेऊन लावलंत.

सासूबाई कडाडल्या. "अगं, जन्मदात्या बापाला काढून तू परक्यांचं लग्न लावतेस भिंतीवर?"

तुम्ही खुर्चीवर उभ्या, तोंडात स्क्रू. तो काढून शांतपणे म्हणालात, "आई, आप्पा कधी हॉलमध्ये बसले होते का? पाहुणे आले की ते स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायचे. कोण किती जेवतंय बघायला. त्यांना तिथेच लावलंय. आणि जेवायला हार घालून कोण बसतं?"

सासूबाईंनी दुसरीकडून हल्ला केला. चष्मा लावला, चित्राच्या अगदी जवळ गेल्या आणि विचारलं, "आणि हे पितायत काय?"

तुमचा भाऊ बाहेर निघून गेला. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर राहायचा, त्या घराच्या समोरच्या भिंतीवर दारूचे सहा रांजण लागत होते. आणि तुम्ही, जी बाई अर्धा मार्क सोडायची नाही, मुलींना खोट्या आजारपणाच्या चिठ्ठ्या परत करायची, त्या तुम्ही डोळ्याची पापणी न लववता म्हणालात, "पन्हं."

"पन्हं?"

"उन्हाळ्यातलं लग्न आहे. पन्हं संपलं. त्या बाईच्या मुलाने केलं."

बाहेर पानं झडलेली झाडं, बायकांच्या अंगावर लोकरीच्या शाली. सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलंच नाही. त्यांनी रांजणांकडे पाहिलं, मेरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय नाचक्की झाली असती हो त्या मुलीच्या बापाची."

त्या दिवसापासून चित्र त्यांचं झालं. येईल त्याला त्याच सांगायच्या, "पन्हं संपलं हो यांच्याकडे ऐन पंगतीत! पण ही एक बाई हुशार निघाली." फिलोमिनाबाई एकदा सुट्टीत आल्या होत्या, आठवतं? त्यांनाच समोर बसवून सासूबाईंनी पन्ह्याची अख्खी कथा ऐकवली. तुमचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. फिलोमिनाबाईंनी तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी आदराने म्हणाल्या, "हो आजी. कैरीचं झाड चित्रात मावलं नसेल." सासूबाई होत्या तोवर पन्ह्याला धक्का लागला नाही. मला तुमचा अभिमान वाटण्याची जी कारणं आहेत, त्यांत हे खोटं फार वरच्या जागी आहे.

सासूबाईंनंतर चित्राचे कारभारी आपण दोघी. पण आपली घराणी वेगळी. मी सगळ्यांचे आवाज काढून सांगायची: मुकादमाचा घोगरा, नवरीच्या आईचा रडवेला, कुत्र्याचासुद्धा. तुम्ही काही सांगायचाच नाहीत. तुम्ही विचारायचात. गॅसवाला येवो, कुरियरवाला येवो, इन्व्हर्टर दुरुस्त करायला रईसभाई येवोत. "बसा भिया, जल्दी काय आहे? पहले ये बताओ, या लग्नात गडबड कुठे झालीय?" आणि मग ते बिचारे हातातलं सामान खाली ठेवून शोधायला लागायचे. येशू कोणता ते तुम्ही कधीच कोणाला दाखवलं नाही. मी दाखवायला बोट उचललं की माझ्या बोटावर चापट. रईसभाईंनी तर तिसऱ्या खेपेला शोधून काढला आणि इन्व्हर्टर बिघडलेला नसताना सांगायला आले, "मैडम, मिल गए! वो कोने में शांति से बैठे हैं।" तुम्ही त्यांना पेढा दिलात.

आता पुण्याची गोष्ट. ही मी आजवर कोणाला सांगितली नाही, कारण तुम्ही सांगू दिली नाहीत.

आमच्या सानिकाला बघायला, म्हणजे आता बघायला म्हणत नाहीत, "भेटायला" म्हणतात, पुण्याची मंडळी यायची होती. आदल्या दिवशी तुमच्या भावाने घसा साफ केला. "ताई, एक दिवसाचा सवाल आहे. ते चित्र जरा आत ठेवू. पुण्याची माणसं आहेत. उगाच काहीतरी मतलब काढतील."

"बाळू," तुम्ही म्हणालात, "आपण मुलगी दाखवतोय की हॉल?"

"तसं नाही, पण..."

"जे रोज असतं ते दिसू दे. नंतर कळलं तर म्हणतील लपवलं."

चित्र राहिलं. मंडळी आली, आणि फोनवर जितकी म्हणाली होती त्यापेक्षा बरीच जास्त आली. आपलं इंदुरी मराठी ऐकून त्यांचे एक काका सारखे गालात हसत होते. मी "पानी आणू?" म्हटलं की त्यांना गुदगुल्या. पण भुट्ट्याचा कीस समोर आला आणि काकांचं हसणं थांबलं. पुण्याला मक्याचे दाणे किसून दुधात शिजवतात हे कोणी पाहिलेलं नव्हतं. काकांनी दुसऱ्यांदा मागितला, तिसऱ्यांदा मागितला, मग बाकीच्यांनी मागितला. मी आत येऊन पातेल्याचं झाकण उचललं तर तळ दिसत होता. अजून निम्म्या लोकांच्या बशा भरायच्या होत्या.

तुम्ही पाणी घ्यायला आत आलात. पातेल्यात पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत.

"कणसं आहेत?"

"आहेत. पण किसायची आहेत. मग शिजायला वेळ."

"कीस तू," म्हणालात आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेलात.

मी किसणी घेऊन जमिनीवर बसले आणि अशी किसत सुटले की बोटाचं सालटं निघालं. बाहेरून तुमचा आवाज येत होता. विहीणबाई, तेव्हा अजून विहीणबाई नव्हत्या, अगदी जपून विचारत होत्या, "अय्या, हे... तुम्ही चर्चला वगैरे जाता का?"

"नाही हो. पण लग्नाला जातो. या, जवळून बघा."

आणि मग, वन्सं, जन्मात कधी न सांगणाऱ्या तुम्ही सांगायला लागलात! फरश्यांपासून सुरुवात केलीत. मग टोप्या. मग कुत्रा. मग कुत्र्याचं हाड, ते कुठल्या प्राण्याचं असेल. मग रांजण, एकेक करून. काकांना विचारलंत की एका रांजणात किती घागरी मावतील आणि वऱ्हाड इतकं असेल तर माणशी किती पेले येतील. काका तोंडी हिशेब करू लागले, चुकले, पुन्हा करू लागले. मी आत दूध ओतत होते, मोहरी तडतडत होती, आणि हसू दाबताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग तुमचा आवाज जरा खाली आला. तो शाळेतला आवाज मला ओळखू आला.

"आता मला सांगा, या सगळ्यात यजमानाची अब्रू कोणी वाचवली?"

काका म्हणाले, लाल झगेवाला. मुलाचे वडील म्हणाले, नवरदेव, त्याचंच तर कौतुक चाललंय. मग तो मुलगा, निखिल, जो आल्यापासून चार शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "या. निळ्या शालीवाल्या. बाकी सगळे एकमेकांकडे बघतायत. या एकट्याच त्या रिकाम्या सुरईकडे बघतायत."

"शुभा," तुम्ही हाक मारलीत, "गरम झाला असेल तर आण."

मी वाफाळतं पातेलं घेऊन बाहेर आले. कोणालाही, अगदी तुमच्या भावालाही, कळलं नाही की मधल्या वेळात आपल्या घरात काय संपलं होतं. रात्री भांडी आवरताना तुम्ही एवढंच म्हणालात, "मुलगा पास. रिकामं भांडं दिसतं त्याला." विहीणबाई, तुम्ही हे वाचत असाल तर हो, कीस संपला होता. आणि काकांना सांगा, तुमचा हिशेब अजून चुकलेलाच आहे.

आमच्या संसारात आणखी काय काय संपत आलेलं तुम्ही असंच आधी हेरलंत आणि आम्हाला खबर न लागू देता भरून ठेवलंत, ते मी इथे लिहिणार नाही. काही मला ठाऊक आहे, बरंचसं नसेल. तुमच्या तोंडावर आभार मानायचा मी एकदा प्रयत्न केला होता, तर तुम्ही म्हणालात, "संवाद लांबला." म्हणून इथेही लांबवत नाही.

एक भांडण मात्र तसंच राहिलं. टेबलाच्या या टोकाला कमरेवर हात ठेवून उभी असलेली ती बाई, नवरीकडे तिरक्या नजरेने बघणारी. मी म्हणते ती नवरीची नणंद आहे.

"पुरावा?" तुम्ही विचारायचात.

"चेहरा."

"चेहरा पुरावा होत नाही."

"वन्सं, मला नणंद लांबून ओळखता येते. माझ्या घरात आहे."

तुमचं म्हणणं, ती आचारीण आहे, आणि तिची नजर नवरीकडे नाही, नवरीच्या पुढ्यातल्या न संपवलेल्या ताटाकडे आहे. हॉस्पिटलात नाकाला नळी लावलेली असतानाही मी तुम्हाला चिडवायला म्हटलं, "नणंदच ती." तुम्ही बोट हलवून नाही म्हणालात. मग नळी जरा बाजूला सारून म्हणालात, "घरी आले की समोर उभं राहून ठरवू." आता मी एकटीच समोर उभी राहते. ठरवत मात्र नाही. तुम्ही नसताना जिंकले तर ते जिंकणं कोणाला दाखवू?

आता तुमच्या भावाबद्दल. त्याच्यासाठीच तर हे सगळं लिहायला बसले.

बाळू, मी इथे त्याला तुमच्याच हाकेचं नाव देते, तुम्ही गेल्यापासून घरात नुसता फिरत होता. पोलोग्राउंडच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, हाताला काम नसलं की त्याला कुठे उभं राहायचं कळत नाही. तेराव्याच्या आदल्या दिवशी तो तुमचा निरोपसमारंभातला फोटो मोठा करून, फ्रेम करून घेऊन आला. बरोबर चंदनाचा हार. आणि ड्रिल मशीन घेऊन सरळ समोरच्या भिंतीपाशी गेला, चित्र उतरवायला.

"हे काय करताय?" मी म्हटलं.

"ताईचा फोटो समोर लागेल."

"अहो, तुमच्या ताईनेच तर आप्पांना तिथून..."

"तेव्हा मला कोणी विचारलं होतं?"

माझ्याकडे मोठं भाषण तयार होतं. टाळ्या पडल्या असत्या असं भाषण. पण तो माझ्याकडे पाठ करून, एकेक स्क्रू काढत, हळूहळू बोलत राहिला. "आप्पा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. घरी आलो की दारातून आधी त्यांना बघायचो. सवय होती. मग एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत तिथे लग्न लागलं. तुम्हा दोघींची मजा चालायची, आईला पण आवडलं, मी काय बोलणार? पण दार उघडलं की मी अजून आप्पांनाच शोधतो. आता सगळं घर तिचं आहे, आणि ती कुठेच दिसत नाही. ती तरी समोर दिसू दे."

मी भाषण गुंडाळलं आणि चित्राची दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी ते उचलून तुमच्या खोलीत नेलं आणि कपाटाला टेकवून ठेवलं. समोरच्या भिंतीवर तुम्ही लागलात. हार घातलेल्या. मला तुमची जरा ओळखच पटली नाही.

तेराव्याला खूप लोक आले. इतके की तुम्ही पाहिलं असतंत तर पातेल्यात डोकावायला आला असतात. जुन्या विद्यार्थिनी आल्या, आता त्यांच्याच मुली दहावीला. रईसभाई आले, धुतलेला शर्ट घालून. प्रत्येकजण दारात थांबला, मान वर केली, हात जोडले. पंगतीत बसला, जेवला. आणि गेला. रईसभाईंनी फोटोला हात जोडले, मग भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि "अच्छा भाईसाब" म्हणून निघाले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बसून करायचं काय होतं?

संध्याकाळी सगळं आवरल्यावर बाळू सोफ्यावर बसला होता, तुमच्यासमोर.

"कोणी बसलंच नाही गं," तो म्हणाला.

"सगळे जेवले की."

"जेवले. बसले नाहीत." मग फोटोकडे बघत म्हणाला, "ताई एकटी वाटतेय तिथे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्यासारखी."

मी काहीही बोलले नाही. हे तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मी, काहीही, बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल मशीनच्या आवाजाने जाग आली. मी हॉलमध्ये आले तर लग्न पुन्हा समोरच्या भिंतीवर, आणि बाळू त्याच्या वरच्या कडेवर लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध आणत होता. तुम्ही लावलं होतंत तेव्हापासून ते एका बाजूला किंचित उतरतं होतं. इतकी वर्षं त्याला ते खटकत असणार. तुमचा फोटो त्याने दाराच्या वर लावला, चित्राच्या बरोबर समोर. आता आत येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. तुम्हाला लग्न दिसतं, आणि येणारा दिसतो तो पाठमोरा, चित्राकडे चालत जाताना.

"आणि हार?" मी विचारलं.

"राहू दे. बघू दे तिला नीट."

मग तो जेवणाच्या टेबलापाशी गेला. मला वाटलं आता आप्पांना हॉलमध्ये आणतो. त्याने फोटो दोन्ही हातांनी धरला, जरा उभा राहिला, आणि पुन्हा सोडून दिला. "नको. इथून त्यांना कुकर दिसतो," म्हणाला.

काल मी मंडईतून आले. दार उघडंच होतं. आत तुमच्या शाळेतली एक नवी शिक्षिका आली होती, तुम्ही निवृत्त झाल्यावर लागलेली. तिला उशिरा कळलं म्हणून भेटायला आली होती. अशा घरी आलेलं माणूस कसं बसतं, तुम्हाला माहीत आहे. खुर्चीच्या कडेवर, पर्स मांडीवर, उठायला तयार. निघताना "येते" म्हणायचं नाही, घरच्यांनी "या" म्हणायचं नाही, चहासुद्धा नको म्हणायचा. पण ती बसलेली नव्हती. ती चित्रापाशी उभी होती आणि शेजारी बाळू उभा होता. आणि बोलत होता.

मी दारातच थबकले. सगळ्या लग्नात आपण दोघी कोणाकडे बघायचो, येशू कुठे, मेरी कुठे, ते तो सांगत नव्हता. त्याने नवरदेवावर बोट ठेवलं होतं. आपण दोघींनी ज्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही तो, मखमली टोपीतला, जरा बावळट चेहऱ्याचा, ज्याची मुकादम पाठ थोपटतोय तो.

"हा बघ," तो तिला म्हणत होता. "याला काहीच माहीत नाही. काय संपलं, कोणाच्या लक्षात आलं, कोणी भरलं, काही नाही. सगळे म्हणतात वा वा, काय व्यवस्था ठेवलीस, आणि याला वाटतं आपणच ठेवली. याला शेवटपर्यंत कळत नाही." त्याने बोट काढून घेतलं. "घरी ताई होती ना, तोवर मी हाच होतो."

ती मुलगी पर्स सावरून म्हणाली, "काका, निघते मग मी."

"बस गं," तुमचा भाऊ म्हणाला. "वरणभात झालाय. जेवून जा. आणि पुन्हा ये."

वन्सं, तुमचा भाऊ! ज्याने माझ्या माहेरच्यांनासुद्धा कधी आपणहून "बसा" म्हटलं नाही तो. मी कडकडून टाळ्या वाजवणार होते, पण एका हातात गराडूच्या कंदांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पालक. म्हणून चप्पल न काढता तशीच उभी राहिले, तुमच्या फोटोच्या बरोबर खाली, त्या दोघांना मी आलेली कळू नये म्हणून श्वास धरून.